अडुळशाच्या पानांचा अर्क : पान तोडण्यापासून अहवालापर्यंत

बडोद्यात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, एमएस्सीला किंवा फार्मसीला असलेल्या आणि वनस्पतीच्या अर्कावर पहिलाच प्रकल्प हाती घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून अडुळसा घेतला आहे. एक तर तो आपल्या सगळ्यांच्या घरी ओळखीचा. दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत खोकला झाला की आजही पहिले नाव त्याचेच निघते. दुसरे म्हणजे त्याच्या पानांतले मुख्य संयुग नेमके माहीत आहे, त्यामुळे आपण काय शोधतो आहोत हे नवशिक्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. व्हॅसिसीन हे ते संयुग, क्विनाझोलिन वर्गातले अल्कलॉइड (वनस्पतीत बनणारे नायट्रोजनयुक्त, अल्कलीधर्मी संयुग). खोकल्याच्या औषधांच्या बाटल्यांवर दिसणारे ब्रोमहेक्सिन याच व्हॅसिसीनच्या रचनेवरून तयार झाले, आणि अ‍ॅम्ब्रॉक्सॉल हे त्या ब्रोमहेक्सिनचेच पुढचे रूप.

या कामाला बडोद्यात जुनी परंपराही आहे. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली आणि रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिले. पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी अलेंबिक ही औषध कंपनी उभी केली. सुरुवातीच्या काळात ती टिंक्चर आणि अल्कोहोल बनवीत असे. टिंक्चर म्हणजे बहुतेक वेळा वनस्पतीचा अल्कोहोलात काढलेला अर्कच. तुम्ही जे शिकणार आहात ते या गावात शंभरहून अधिक वर्षे चालत आलेले आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. नव्या मुलांचे लक्ष यंत्राकडे असते: एचपीएलसी (द्रावणातली संयुगे वेगळी करून मोजणारे यंत्र) कधी मिळेल, जीसी-एमएसला (संयुगे वाफेत वेगळी करून वस्तुमानावरून ओळखू पाहणारे यंत्र) नमुना कधी पाठवायचा. यंत्र फक्त त्याच्यात घातलेल्या द्रवाबद्दल बोलते. तो द्रव कोणत्या झाडाचा, कधी तोडलेल्या, कशा वाळवलेल्या पानाचा, हे यंत्राला कळत नाही. ते तुमच्या वहीतच असावे लागते. म्हणून या लेखात पानावर आणि वहीवर जास्त ओळी खर्ची पडल्या आहेत आणि महागड्या यंत्रांवर कमी.

पहिली पायरी : झाड ओळखा, आणि पुरावा ठेवा

अडुळशाचे शास्त्रीय नाव जस्टिशिया अ‍ॅधाटोडा. जुन्या पुस्तकांत अ‍ॅधाटोडा व्हॅसिका सापडेल. दोन्ही एकच. पाने समोरासमोर येतात, साधी, कडा अखंड, भाल्याच्या पात्यासारखी दोन्हीकडे निमुळती, साधारण दहा ते वीस सेंटिमीटर लांब. थंडीत पांढरी दोन ओठांची फुले येतात, खालच्या ओठावर जांभळट रेघा. पान चघळले तर कडू लागते आणि वाळल्यावर त्याला चहापत्तीचा हलका वास येतो.

गुजरातमध्ये इथेच एक खड्डा आहे. अडुळशाला इथे अरडूसी म्हणतात, आणि अरडूसो म्हणतात ते महारुखाला, म्हणजे एलॅन्थस एक्सेल्सा या उंच वृक्षाला. माळ्याला किंवा दुकानदाराला घाईत ‘अरडूसानी पान’ सांगितले की पोत्यात महारुख येऊ शकतो. वाळलेल्या चुऱ्यात फरक करणे अवघड, आणि महारुखाची पाने अडुळशात भेसळ म्हणून सापडल्याच्या नोंदीही आहेत. झाड पाहिले तर मात्र गोंधळ होत नाही: महारुखाचे पान संयुक्त असते, एका लांब दांड्यावर अनेक पर्णिका, त्यांच्या कडा ओबडधोबड दातेरी आणि तळाशी एक बाजू मोठी, एक लहान. शिवाय महारुखाचा पाला शेळ्यांना चारा म्हणून घालतात. अडुळशाला त्या तोंड लावत नाहीत, म्हणून तर शेताच्या कुंपणाला तो लावतात.

म्हणून माझा आग्रह असा की पहिल्या प्रकल्पासाठी मांडवीजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून वाळलेली पाने आणू नका. झाडावरून स्वतः तोडा. तोडताना फुलांसह एक फांदी वेगळी घ्या, वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कागदावर चिकटवा. त्यावर झाडाचे नाव, जागा, तारीख, तोडणाऱ्याचे नाव आणि झाडाचे थोडे वर्णन लिहा. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे हर्बेरियम जागतिक सूचीत ‘बारो’ या संकेताने नोंदलेले आहे. तिथल्या जाणकारांकडून ओळख पक्की करून घ्या आणि नमुना क्रमांक मिळाला की तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हा क्रमांक नसेल तर पुढे कितीही चांगले काम केले तरी परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारतील, आणि तो रास्तच असेल.

पाने कुठून तोडायची हेही ठरवून घ्या. नंदेसरीसारख्या रासायनिक वसाहतीच्या लगतची, हायवेच्या कडेची किंवा विश्वामित्रीच्या पुराचा गाळ बसलेली पाने नकोत. कमाटी बागेतली तोडायची तर आधी परवानगी काढा. नातेवाइकांच्या शेताचे कुंपण किंवा सोसायटीची बाग सगळ्यात बरी. मात्र कीटकनाशक मारले होते का, एवढे विचारून घ्या. पूर्ण वाढलेली, निरोगी पाने घ्या. अगदी कोवळी आणि पिवळी पडलेली बाजूला ठेवा. सगळी पाने एकाच दिवशी, सकाळी तोडा. संयुगांचे प्रमाण ऋतूप्रमाणे आणि पानाच्या वयाप्रमाणे बदलते, म्हणून जानेवारीची आणि जुलैची पाने एकाच डब्यात मिसळली की तुमच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

दुसरी पायरी : धुणे, वाळवणे, दळणे

पाने आधी वाहत्या नळाखाली धुवा, शेवटी एकदा डिस्टिल्ड पाण्यातून काढा. तासन्‌तास भिजत ठेवू नका. पाण्यात विरघळणारी संयुगे मोरीत जातात. स्वच्छ सुती कापडावर एकेरी थरात पसरून सावलीत वाळवा. वर्तमानपत्रावर नको, शाई लागते. उन्हात तर मुळीच नको. बडोद्याच्या मे महिन्यातल्या उन्हात पाने एका दिवसात कडक होतात हे खरे, पण प्रकाशाने आणि उष्णतेने रंग जातो, आणि व्हॅसिसीनला हवा, प्रकाश, उष्णता मिळाली की त्याचे ऑक्सिडेशन होऊन व्हॅसिसिनोन बनत जाते. नंतर तुम्हाला व्हॅसिसिनोन जास्त सापडले तर ते झाडातच होते की तुमच्या गच्चीवर तयार झाले, हे कसे सांगणार?

थंडीत आठवडाभरात पाने वाळतात. रोज एकदा उलटा. मुठीत दाबल्यावर कडकड वाजून चुरा झाला म्हणजे वाळली. पावसाळ्यात सावलीत वाळवणे सोडूनच द्या. दमट हवेत पानांवर बुरशी येते, आणि बुरशीची स्वतःची रसायने असतात. त्या दिवसांत ट्रे ड्रायर चाळीस अंश सेल्सिअसवर लावा. ताज्या पानांत पाणीच फार असते, एक किलोची पाव किलो भुकटीही होत नाही, तेव्हा तोडतानाच हिशेब करून तोडा.

मिक्सरमध्ये थोडे थोडे, थांबत थांबत दळा; भांडे तापले की भुकटीही तापते. हे भांडे प्रयोगशाळेचेच ठेवा, घरच्या चटणीचे परत वापरायला नेऊ नका. चाळीस नंबरच्या चाळणीतून, म्हणजे सुमारे ४२५ मायक्रॉनच्या, गाळून घ्या. मैद्यासारखी बारीक करण्याचा मोह टाळा: सॉक्सलेट (द्रावक उकळून भुकटीतून पुन्हा पुन्हा उतरवणारे काचेचे उपकरण) याच्या थिंबलमध्ये, म्हणजे कागदी नळकांड्यात, ती दाबून बसते आणि द्रावक तिच्यातून उतरत नाही. घट्ट झाकणाच्या तपकिरी बाटलीत भरा, चिठ्ठी लावा.

आता ओलाव्याचा आकडा काढा, बरेच जण हा विसरतात. दोन ग्रॅम भुकटी १०५ अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा, डेसिकेटरमध्ये गार करा, तोला. वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा. वाळलेली दिसणारी भुकटीही थोडे पाणी धरून असते. समजा ओलावा आठ टक्के निघाला, तर वीस ग्रॅम भुकटीत खरा कोरडा भाग १८.४ ग्रॅम. पुढचे सगळे आकडे या कोरड्या वजनावर द्यायचे आहेत. सोबत राखेचे प्रमाणही काढता आले तर काढा. अडुळशाच्या पानात कॅल्शियम कार्बोनेटचे सिस्टोलिथ नावाचे खडे असतात, त्यामुळे एकूण राख बरीच निघते, घाबरू नका. आम्लात न विरघळणारी राख जास्त निघाली तर मात्र पाने नीट धुतली नव्हती, माती राहिली, असे समजा. मर्यादा भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात ‘वासा’ या नावाखाली पाहा.

तिसरी पायरी : अर्क काढणे

आधी सुरक्षा. मेथॅनॉल विष आहे. पोटात गेले तर दृष्टी जाते, जीव जातो. २०२२ च्या बोटादच्या लठ्ठाकांडात ४०हून अधिक माणसे दारूतल्या मेथॅनॉलनेच गेली. प्रयोगशाळेत वाफ आणि त्वचा हे दोन मार्ग लक्षात ठेवा: फ्यूम हूडखाली काम, हातमोजे, चष्मा. हेक्झेन आणि इथाइल अ‍ॅसिटेट पटकन पेट घेतात, म्हणून बर्नर नाही, वॉटर बाथ किंवा हीटिंग मँटलच. एकट्याने, रात्री, कुणी नसताना सॉक्सलेट चालू ठेवून जाऊ नका. आणि इथेनॉल वापरायचे ठरवले असेल तर विभागाच्या भांडारात आधीच विचारा: गुजरातेत दारूबंदी असल्याने ते परवान्यावर येते आणि नोंदवहीत मिलिलिटरचा हिशेब द्यावा लागतो. प्रकल्पाच्या शेवटच्या आठवड्यात मागितले तर मिळेलच असे नाही.

द्रावक निवडण्याचा नियम सोपा आहे: कमी ध्रुवीय ते जास्त ध्रुवीय. आधी हेक्झेन किंवा पेट्रोलियम ईथर, मग इथाइल अ‍ॅसिटेट, मग मेथॅनॉल, शेवटी पाणी. हेक्झेन मेण, चरबी आणि बरेचसे हरितद्रव्य काढून नेते. ही पायरी गाळू नका. पुढे परीक्षानळीत रंग ओळखायचे असतात, आणि हिरव्या द्रावणात गुलाबी छटा शोधत बसणे म्हणजे अंदाजाने निकाल लिहिणे.

सॉक्सलेट लावायचे असेल तर वीस ग्रॅम भुकटी थिंबलमध्ये, गोल तळाच्या फ्लास्कमध्ये दोनशे मिलिलिटर द्रावक आणि दोनतीन उकळखडे. उकळखडे गार द्रावकातच टाकायचे. तापलेल्यात टाकले तर द्रव उसळून वर येतो. कंडेन्सरमधून पाणी खालून वर जाऊ द्या. सायफनच्या नळीतून उतरणारा द्रव जवळजवळ रंगहीन झाला की झाले. द्रावक बदलण्याआधी भुकटी हवेत पूर्ण कोरडी करा.

पण अडुळशासाठी माझा कल थंड पद्धतीकडे आहे. सॉक्सलेटच्या फ्लास्कमध्ये जमलेला अर्क तासन्‌तास उकळत राहतो, आणि व्हॅसिसीनला उष्णता मानवत नाही हे वर आलेच. हेक्झेनने धुतलेली भुकटी झाकणाच्या बाटलीत दहापट मेथॅनॉलमध्ये भिजवा, बाटलीला फॉइल गुंडाळा, शेकरवर किंवा अधूनमधून हलवत दोन दिवस ठेवा, गाळा, चोथ्यात ताजे मेथॅनॉल घालून पुन्हा तेच करा. वेळ जास्त लागतो, यंत्र जवळजवळ लागत नाही, आणि अर्क पानाच्या मूळ रसायनाच्या जास्त जवळ राहतो. शिक्षकांनी दोन्हींची तुलना करायला सांगितली तर उत्तमच; तो स्वतःच एक चांगला प्रकल्प होईल.

गाळलेला अर्क रोटाव्हेपरवर (फ्लास्क फिरवत, हवा काढून कमी उष्णतेत द्रावक उडवणारे यंत्र) चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आत आटवा. फ्लास्क रिकामा असताना तोललेला असायलाच हवा, चार दशांश स्थळांच्या तराजूवर. उदाहरणादाखल हिशेब: रिकामा फ्लास्क ११२.४० ग्रॅम, अर्क सुकल्यावर ११५.१० ग्रॅम, म्हणजे अर्क २.७० ग्रॅम. वीस ग्रॅम भुकटीवर १३.५ टक्के, ओलावा वजा करून १८.४ ग्रॅमवर सुमारे १४.७ टक्के. अहवालात कोणता आकडा कशावर काढला ते शब्दांत लिहा. अर्क चिकट, गडद हिरवट तपकिरी असतो. छोट्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. चिठ्ठीवर झाड, भाग, द्रावक, तारीख, तुमचे नाव. फ्रीज खाण्याच्या वस्तूंचा नसावा हे सांगायला नको.

चौथी पायरी : परीक्षानळीतल्या चाचण्या

या चाचण्या स्वस्त आहेत, दोन तासांत होतात आणि म्हणूनच सगळ्यात जास्त बेपर्वाईने केल्या जातात. प्रत्येक चाचणीसाठी तीन नळ्या लावा: एकीत अर्क, दुसरीत नुसते द्रावक, तिसरीत ते संयुग नक्की असलेला पदार्थ. अल्कलॉइडसाठी तिसऱ्या नळीत क्विनीन, टॅनिनसाठी टॅनिक आम्ल, फ्लॅव्होनॉइडसाठी क्वेर्सेटिन. तिसरी नळी रंग देत नसेल तर तुमचा अभिकर्मक बिघडलेला आहे. दुसरी रंग देत असेल तर नळी किंवा द्रावक अस्वच्छ आहे. ही दोन उत्तरे हातात नसताना पहिल्या नळीकडे पाहून ‘प्लस’ लिहू नका.

अल्कलॉइडसाठी थोडा अर्क सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात कोमट करून हलवा आणि गाळा. चाचणी गाळलेल्या द्रवावर करायची. चार अभिकर्मक वापरतात: ड्रॅगेनडॉर्फने नारिंगी-लाल साका, मेयरने दुधाळ पांढरा, वॅग्नरने लालसर तपकिरी, हेगरने पिवळा. प्रथिनेही मेयरशी साका देऊ शकतात, म्हणून निदान दोन अभिकर्मक तरी वापरा. अडुळशाच्या मेथॅनॉल अर्कात हे साके ठळक यायला हवेत. आले नाहीत तर पहिल्या पायरीकडे परत जा आणि पान पुन्हा पाहा.

फ्लॅव्होनॉइडसाठी शिनोडा: मेथॅनॉलमधल्या अर्कात मॅग्नेशियमच्या फितीचा तुकडा आणि मग थेंब थेंब तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, गुलाबी ते लाल रंग. शेजारी मॅग्नेशियम न घालता फक्त आम्लाची एक नळी ठेवा. ती नळीही लाल झाली तर रंग अँथोसायनिनचा असू शकतो.

टॅनिनच्या बाबतीत वहीत हमखास होणारी चूक अशी: फेरिक क्लोराइडने निळा-काळा किंवा हिरवट रंग आला की ‘टॅनिन आहे’ असे लिहिले जाते. फेरिक क्लोराइड फिनॉल गटाला रंग देते, मग ते टॅनिन असो वा नसो. त्या रंगावरून ‘फिनॉलिक संयुगे’ एवढेच लिहा. टॅनिन म्हणायचे असेल तर मिठाच्या पाण्यातले एक टक्का जिलेटीन घाला. साका बसला तर म्हणा. सॅपोनिनसाठी पाण्यात जोरात हलवून फेस दहा मिनिटे टिकतो का पाहतात. स्टेरॉल आणि ट्रायटर्पिनसाठी लिबरमान-बुर्खार्ड चाचणी हेक्झेनच्या अर्कावर करा, नळी पूर्ण कोरडी हवी, आणि सल्फ्युरिक आम्ल नळीच्या भिंतीवरून हळू सोडा, तोंड दुसरीकडे करून.

मेयरमध्ये पारा असतो. नळ्या बेसिनमध्ये ओतू नका. वेगळ्या, चिठ्ठी लावलेल्या बाटलीत गोळा करा.

पाचवी पायरी : अल्कलॉइड वेगळे करणे

मला स्वतःला ही पायरी फार आवडते, कारण इथे रसायनशास्त्रातले एकच साधे तत्त्व डोळ्यांसमोर काम करताना दिसते. अल्कलॉइड आम्लात क्षार होऊन पाण्यात उतरते, अल्कलीत पुन्हा मुक्त होऊन सेंद्रिय द्रावकात जाते. बाकीची गर्दी या दोन दारांतून एकाच वेळी जाऊ शकत नाही.

एक ग्रॅम मेथॅनॉल अर्क दोन टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाच्या पन्नास मिलिलिटरमध्ये घोळवा. न विरघळलेला हिरवा चिखल गाळून टाका. गाळलेला द्रव सेपरेटिंग फनेलमध्ये थोड्या इथाइल अ‍ॅसिटेटबरोबर हलवा आणि वरचा थर काढून ठेवा. खालचा आम्लधर्मी थर बर्फात ठेवून अमोनियाने पीएच नऊच्या आसपास आणा. आता क्लोरोफॉर्मने तीनदा काढा. इथे क्लोरोफॉर्म खाली असतो, थर उलटे मोजू नका. शंका आली तर थेंबभर पाणी टाकून ते कोणत्या थरात मिसळते ते पाहा. फनेल जोरात हलवलात तर दह्यासारखा तवंग बसतो आणि दुपार तो उतरण्याची वाट पाहण्यात जाते. हळू उलटसुलट करा, मध्येमध्ये तोटी उघडून वाफ सोडा. तवंग बसलाच तर थोडे मीठ घाला. क्लोरोफॉर्मचे थर एकत्र करून निर्जल सोडियम सल्फेटवर कोरडे करा आणि आटवा. तळाशी राहील तो एकूण अल्कलॉइडचा कच्चा अंश. त्यात व्हॅसिसीन आहे, पण त्याच्या जोडीला इतर भावंडेही आहेत.

सहावी पायरी : टीएलसी

माझ्या मते, नवशिक्याने एकच तंत्र नीट शिकायचे असेल तर टीएलसी, म्हणजे प्लेटवरच्या पातळ थरात संयुगे वेगळी करणे, हे शिकावे. प्लेट स्वस्त, निकाल अर्ध्या तासात, आणि अर्कात किती वेगवेगळी संयुगे आहेत हे पहिल्यांदा दिसते.

सिलिका जेलची एफ २५४ प्लेट घ्या. तळापासून एक सेंटिमीटरवर पेन्सिलने हलकी रेघ; पेनने नको, शाई द्रावकाबरोबर वर चढते. केशनळीने ठिपके द्या, दोन मिलिमीटरहून मोठे नाहीत, प्रत्येक वेळी सुकू देऊन. एका प्लेटवर मेथॅनॉल अर्क, पाचव्या पायरीतला अल्कलॉइड अंश आणि प्रमाण व्हॅसिसीन (विकत मिळणारे, खात्रीचे शुद्ध) शेजारी शेजारी. प्रमाण पदार्थ महाग असतो. विभागात दोनतीन जणांचे प्रकल्प एकाच झाडावर असतील तर मिळून मागवा.

द्रावक मिश्रण म्हणून इथाइल अ‍ॅसिटेट, मेथॅनॉल आणि अमोनिया ८ : २ : ०.२ या प्रमाणात घेऊन सुरुवात करा. अमोनिया नसेल तर अल्कलॉइड सिलिकाला चिकटून शेपटी काढतात. चेंबरमध्ये गाळणकागद उभा करून वीस मिनिटे वाफ भरू द्या, मग प्लेट ठेवा. द्रावकाची पातळी ठिपक्यांच्या खाली हवी. द्रावक वरच्या कडेपाशी पोचण्याआधी काढा आणि त्याची रेघ लगेच आखा.

आधी अतिनील दिव्याखाली पाहा. २५४ नॅनोमीटरला हिरव्या पार्श्वभूमीवर काळे डाग. ३६६ला काही डाग स्वतः चमकतात, आणि लाल चमकणारे बहुधा हरितद्रव्य. सगळे डाग पेन्सिलने गोल करा, मोबाइलवर फोटो घ्या, आणि मगच ड्रॅगेनडॉर्फ फवारा. फवारल्यावर मागे फिरता येत नाही. नारिंगी डाग अल्कलॉइडचे. द्रावक आठ सेंटिमीटर चढला आणि डाग ३.६वर असेल तर आरएफ, म्हणजे डागाचे अंतर भागिले द्रावकाचे अंतर, ०.४५. हा आकडा प्लेट, तापमान, वाफ यांनुसार हलतो, म्हणून दुसऱ्याच्या शोधनिबंधातल्या आरएफशी जुळवू नका. त्याच प्लेटवरच्या प्रमाण पदार्थाशी जुळवा.

सातवी पायरी : किती आहे ते मोजणे

एकूण फिनॉलसाठी फोलिन-चिओकॅल्टू पद्धत बहुतेक विभागांत चालते. अर्धा मिलिलिटर अर्काचे द्रावण, दहापट पातळ केलेला फोलिन अभिकर्मक अडीच मिलिलिटर, पाच मिनिटांनी साडेसात टक्के सोडियम कार्बोनेट दोन मिलिलिटर, अंधारात अर्धा तास, मग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ७६५ नॅनोमीटरला प्रकाशाच्या शोषणाचे रीडिंग. गॅलिक आम्लाची वीस ते शंभर मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी पाच द्रावणे करून आलेख काढा. प्रत्येक रीडिंग तीन वेगळ्या नळ्यांचे घ्या. एकाच नळीचे तीनदा घेतलेले रीडिंग तीन होत नाही.

समजा रेषेचे समीकरण आले: शोषण = ०.०१० × तीव्रता + ०.०२. अर्काचे द्रावण एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आणि शोषण ०.५२, तर तीव्रता पन्नास मायक्रोग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम अर्कात पन्नास मिलिग्रॅम गॅलिक आम्लाइतके फिनॉल. पण हे अर्कात. पानाच्या भुकटीत किती? अर्क साडेतेरा टक्के निघाला होता, म्हणून एक ग्रॅम भुकटीत, ओलावा वजा न करता, ६.७५ मिलिग्रॅम. दोन आकड्यांत सातपटीहून जास्त अंतर आहे. ‘प्रति ग्रॅम’ एवढेच लिहून मोकळे झालात तर वाचणारा कोणता ग्रॅम धरेल? शोषण आलेखाच्या शेवटच्या बिंदूच्या वर गेले तर रेघ पुढे ओढू नका, अर्क पातळ करा. शिवाय हा अभिकर्मक क जीवनसत्त्व आणि काही साखरांशीही निळा होतो, म्हणून आकडा ‘एकूण क्षपणक्षमता’ याच्या जवळचा आहे, हे चर्चेत एका वाक्यात यावे.

व्हॅसिसीन नेमके मोजायचे तर एचपीएलसी. सी-१८ कॉलम, अतिनील डिटेक्टर २८० नॅनोमीटरच्या आसपास, नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून. कच्चा अर्क तसाच टोचू नका, कॉलम बंद पडेल आणि विभागातल्या सगळ्यांचे काम थांबेल. बाकीचे तपशील यंत्र चालवणारे ताई-दादा शिकवतील. त्यांच्याशेजारी बसून पाहणे हाच शिकण्याचा मार्ग.

आठवी पायरी : जीसी-एमएसच्या यादीपासून सावध

हल्ली पैसे भरून नमुना बाहेर पाठवता येतो आणि तीसचाळीस संयुगांची छापील यादी मिळते. ती जशीच्या तशी अहवालात उतरवण्याची पद्धत पडली आहे आणि ती मला मनापासून खटकते. यंत्र प्रत्येक शिखराचा वस्तुमान-वर्णपट संग्रहातल्या वर्णपटांशी ताडते आणि त्यातल्या त्यात जवळचे नाव देते. संग्रहात ते संयुगच नसेल तरी काहीतरी नाव येतेच. साम्य ऐंशी टक्क्यांच्या खाली असेल तर ते नाव मी अहवालात घेऊ देत नाही, आणि वर असले तरी ‘संभाव्य’ हा शब्द लागतो. प्रमाण पदार्थ त्याच यंत्रावर चालवून वेळ आणि वर्णपट दोन्ही जुळले तरच ‘ओळखले’ म्हणता येते.

यादी वाचताना तीन गोष्टी पाहा. हेक्झाडेकॅनॉइक आम्ल, फायटॉल, स्क्वालिन ही कितीतरी झाडांच्या पानांत निघतात. त्यांच्यावरून अडुळशाचे वैशिष्ट्य सांगता येत नाही. थॅलेट निघाले तर ते बहुधा प्लॅस्टिकच्या नळीतून किंवा बाटलीतून आले. झाडाच्या नावावर लिहू नका. आणि न उडणारी संयुगे, साखरा, ग्लायकोसाइड या यंत्रात तशीच दिसत नाहीत, म्हणून ‘यादीत नाही’ म्हणजे ‘पानात नाही’ असे होत नाही. अडुळशाच्या अल्कलॉइडसाठी एलसी-एमएस (संयुगे वाफेऐवजी द्रवात वेगळी करणारे तसेच यंत्र) मिळाले तर ते जास्त योग्य: धन आयनात व्हॅसिसीन वस्तुमान १८९ला आणि व्हॅसिसिनोन २०३ला शोधा.

अहवालात काय लिहावे, काय लिहू नये

ड्रॅगेनडॉर्फचा साका आला तर ‘अल्कलॉइड असल्याचे सूचित झाले’. टीएलसीवर प्रमाण पदार्थाशी डाग जुळला तर ‘व्हॅसिसीनशी जुळणारा डाग’. एचपीएलसीत वेळ आणि अतिनील वर्णपट दोन्ही जुळले, आलेख काढला, तर ‘व्हॅसिसीन इतके टक्के, कोरड्या भुकटीवर’. प्रत्येक वाक्य त्याच्या चाचणीच्या मापाचे असू द्या.

‘म्हणून हा अर्क दम्यावर गुणकारी आहे’ हे वाक्य तुमच्या कामातून निघत नाही. तुम्ही रसायन तपासले, रुग्ण नाही. घरात कुणी विचारले तरी प्रयोगशाळेतला अर्क कुणालाही द्यायचा नाही: त्यात मेथॅनॉलचा अंश राहिलेला असू शकतो. व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन घडवते हेही माहीत असू द्या. गरोदर बाईला तर अडुळशाचा घरचा काढासुद्धा वैद्यांना विचारल्याशिवाय नको.

काम संपल्यावर उरलेली भुकटी आणि अर्क यांचा थोडा भाग चिठ्ठीसह निदान निकाल लागेपर्यंत राखून ठेवा; परीक्षक किंवा पुढच्या वर्षीचा विद्यार्थी पुन्हा तपासू पाहील. क्लोरोफॉर्मचा कचरा हॅलोजनयुक्त द्रावकांच्या कॅनमध्ये, हेक्झेन-मेथॅनॉल दुसऱ्या कॅनमध्ये. क्लोरोफॉर्मच्या कॅनमध्ये अ‍ॅसिटोन कधीही ओतू नका. अल्कलीचा अंश असेल तर दोन्हींची जोरदार प्रतिक्रिया होऊन कॅन फुटू शकतो. प्रत्येक कॅनवर काय ओतले आणि किती, ते ओतणाऱ्याने त्याच वेळी लिहायचे.